खालच्या अंगाचं घर

प्लांटवरच्या पहिल्याच दिवशी मिस्त्री माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, "मॅडम, ती डोक्यातली फुलं काढा. मला गाव कळंना गेलंय."

मी डोळे वटारले. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली बाई, नवी नोकरी, सासूनं हौसेनं माळलेला गजरा, आणि हा खाकी शर्टातला वाळका माणूस मला फुलं काढायला सांगतोय! मी नाही काढली. मग हे गृहस्थ दिवसभर माझ्यापासून वीस पावलं लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला उभे. काही विचारायचं म्हटलं की मी इकडून ओरडायचं, त्यांनी तिकडून. दुसऱ्या दिवशी मी गजरा घातला नाही. हरले म्हणून नव्हे हं, घसा बसला म्हणून.

आमचं गाव उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. मी तशी नांदेडकडची, लग्न होऊन इथं आलेली. गावातल्या मोऱ्यांचं, संडासांचं सगळं पाणी गटारीतून गावाबाहेरच्या टाक्यांत येतं, तिथं साफ होतं आणि नाल्याला सुटतं. लोकांना वाटतं, आत काहीतरी औषध टाकत असतील. औषध कसलं आलंय! मोठ्या टाकीत गाळ असतो, त्या गाळात कोट्यवधी बारीक जीव असतात आणि ते गावाची घाण खाऊन जगतात. त्यांना रात्रंदिवस खालून हवा द्यावी लागते. हवा देणारं मशीन म्हणजे ब्लोअर. एवढंच शास्त्र. मी ते तीन वर्षं कॉलेजात शिकले होते, मिस्त्री सातवी नापास होते आणि माझ्यापेक्षा त्यांना ते जास्त कळत होतं. याचा मला किती राग यायचा म्हणून सांगू!

त्या जिवांना ते जित्राबं म्हणायचे. सकाळी मी मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवला की दारातून आवाज यायचा, "कशी हायत वं जित्राबं? चरायलीत का?" मी म्हणायचे, या, तुम्हीच बघा. ते डोळा लावायचे आणि म्हणायचे, "मला तर नुसते ढग दिसायलेत." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पण पोळ्याच्या दिवशी पुरणाची एक अख्खी पोळी मोठ्या टाकीत सोडायचे. "बैलाला देतेत, मग यांनी काय घोडं मारलंय?"

डोळ्यांचं काम नाकानं व्हायचं. कांदा नाही, लसूण नाही, तंबाखू नाही. सकाळचा चहासुद्धा पाण्याचा वास घेऊन झाल्यावर. स्टीलचा एक उभा ग्लास होता, तो काठीला बांधून ते चेंबरमधलं पाणी काढायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि गावाची बातमी सांगायचे. "वरच्या आळीत लगीन हाय. तेल लई आलंय." "कुणीतरी फिनेलचा डबा सांडला बगा." मी प्रयोगशाळेत दोन तास घालवून जे काढायचे ते यांनी चेंबरपाशी उभ्या उभ्या सांगितलेलं असायचं. बाईमाणसावर रागावले की मॅडम म्हणायचे आणि खुशीत असले की माय. पहिल्या वर्षभरात मी एकदाही माय झाले नाही.

एकदा पाण्यावर काळा तवंग यायला लागला. जळकं ऑइल. जित्राबं मरतात त्यानं. मिस्त्रींनी काय करावं? गटारीची झाकणं एकामागून एक उचलत, प्रत्येकात डोकं घालून वास घेत, ते अख्खं गाव चालत गेले. लोक हसत होते. शेवटी एका गॅरेजपुढं थांबले. भांडले नाहीत, तक्रार नाही. त्या तवंगाचं पाणी वाडग्यात घेऊन गॅरेजच्या पायरीवर बसून राहिले. गिऱ्हाईक आलं की वाडगा पुढं धरायचे, "वास घ्या." दुपारपर्यंत गॅरेजवाल्यानं हात जोडले. "मिस्त्री, उठा आता, इज्जत घालवाल माझी!" मिस्त्री म्हणाले, "तुझी इज्जत मी कुठं घालवायलोय? तूच रोज गटारीत ओतायलास की." त्यानंतर ते ऑइल कधी आलं नाही.

पाणी नाल्याला सोडायचं जे गेट आहे त्याच्या चाकाला कुलूप असायचं आणि त्याची चावी मिस्त्रींच्या करदोड्याला. करदोड्याला हो, कमरेच्या! चावी पाहिजे असली की आधी पाठ फिरवून उभं राहायचं. मी कितीदा म्हटलं, मिस्त्री, खिळ्याला अडकवा की माणसासारखी. तर म्हणायचे, "खिळ्याची चावी कुनाचीबी असती."

आणखी एक होतं. ते सकाळी गावाकडून यायचे नाहीत. नाल्याच्या काठानं, खालून वर, सायकल हातात धरून यायचे आणि संध्याकाळी तसेच जायचे. बसस्टँडजवळ त्यांचं दोन खणांचं पक्कं घर होतं, दारावर वडिलांच्या नावाची पाटी होती, ती मी पाहिली होती. मला वाटायचं, नाला बघायला लांबचा फेरा घालत असतील. विचारलं कधीच नाही. वर्षभर एका माणसाबरोबर काम करून तुम्ही कुठून येता एवढं मी विचारलं नाही, याची मला आज लाज वाटते.

आता येळवशीचं सांगते. दुसरीकडच्या लोकांना हा सण ठाऊक नसतो. मार्गशीर्षातली अमावास्या, आमच्या लातूर भागात येळवस. त्या दिवशी गाव गावात राहतच नाही. पहाटेपासून बेसन लावलेली पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबिल, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, सगळं टोपल्यात घालून माणसं शिवारात जातात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा करतात, रानभर आंबिल शिंपडतात आणि दिसेल त्याला बोलावून जेवायला घालतात. गावात कर्फ्यू लागल्यासारखं असतं. दुकान नाही, नळ नाही, मोरी नाही.

नेमकी त्याच दिवसाची मिस्त्रींना नांदेडला डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. दोनदा चुकवलेली, तिसऱ्यांदा चुकवली तर डॉक्टर उभं करणार नव्हते. मीच मागं लागले, जा म्हटलं, मी हाय की. ते दहा वेळा बजावून गेले. "मॅडम, उद्या पानी येनार न्हाई. पन म्हनून हवा बंद करू नका. जेवन नसलं तर मानूस दिवस काढतंय. श्वास नसला तर न्हाई काढत."

"कळतंय मला, मिस्त्री. मी शिकलेय ते."

"शिकलाव म्हनूनच भ्या वाटतंय," ते म्हणाले.

येळवशीला दहा वाजता मी प्लांटवर एकटी. वॉचमन पहाटेच रानात गेलेला. आत थेंब पाणी नाही. ब्लोअरचा पट्टा किरकिर करत होता आणि चालू मशीन एकटं सोडून जायचं नाही असा नियम होता, कारण पट्टा घसरला की मोटार जळते. सासूचा तिसरा फोन आला. "अगं, पूजा अडलीय. लोकं काय म्हणतील? सुनंला येळवशीला सुट्टी न्हाई का?" मी टाकीकडं बघितलं. मला वाटलं, पाणीच नाही तर खाणार काय नि श्वास घेणार कशाला? दोन तास. दोन तासांत काय बिघडतंय! मी बटण दाबलं. ब्लोअर थांबला तेव्हा जी शांतता झाली ना, ती मला चांगली वाटली. खोटं कशाला बोलू.

भज्जी खाल्ली. आंबिल दोन लोटे प्याले. उन्हात, कोपीच्या कडब्याला टेकून नुसतं बसले आणि डोळा लागला. उठले तर दिवस कलला होता. दिवेलागणीला प्लांटवर पोचले. बटण दाबलं, ब्लोअर सुरू झाला, टाकी खदखदली आणि असा वास आला की मी पदर नाकाला लावला. सडकी अंडी. तरी मी स्वतःला सांगितलं, निघून जाईल सकाळपर्यंत.

तेवढ्यात गाव रानातून परत आलं. घरोघर आंबिलाच्या घागरी, भज्जीची पातेली, ताकाची, बेसनाची भांडी घासायला निघाली. वर्षातलं सगळ्यांत जड पाणी येळवशीच्या रात्री येतं, हे मिस्त्रींनी मला सांगितलं होतं. मी विसरले होते. अर्धमेल्या जित्राबांच्या तोंडात अख्ख्या गावाचं ताक ओतलं गेलं.

सकाळी टाकी काळी. काळी म्हणजे डांबरासारखी, वर करडा फेस. मिस्त्री आठला आले, नांदेडची पहिली गाडी धरून. डोळ्यावर हिरवी पट्टी, तिच्यावर काळा चष्मा. या खेपेला ते गावाकडच्या रस्त्यानं आले आणि फाटकाबाहेरच थांबले. वास तिथपर्यंत पोचला होता.

मी पुढं झाले. "मिस्त्री, काल लाईट गेली होती..."

त्यांनी ग्लास काढला, काठीला बांधला, चाचपडत टाकीपाशी गेले, पाणी काढलं, नाकाशी धरलं.

"आठ तास," ते म्हणाले. "का नऊ?"

लाईट गेली तर जनरेटर आहे, हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. मी रडायला लागले. "बंद केलं मी. जेवायला गेले होते. डोळा लागला." मला वाटलं आता शिव्या बसणार. बसायला पाहिजे होत्या, मला बरं वाटलं असतं. ते फक्त गेटपाशी गेले, चाक फिरवून नाल्याचं पाणी बंद केलं, कुलूप लावलं आणि म्हणाले, "खाली वाडीत हीर हाय. नाल्याच्या काठाला. तेवढं एकच पानी हाय त्यांना."

वाडी असल्याचं मला ऐकून माहीत होतं. विहिरीचं नव्हतं.

पण पाणी अडवून धरणार किती वेळ? गावाचं पाणी येतच होतं. पहिली टाकी दुपारपर्यंत भरणार आणि मग बाजारगल्लीच्या सखल घरांतून ते उलटं वर येणार. दहाला मुख्याधिकारी साहेबांची जीप आली.

"मिस्त्री, गेट उघडा. बाजारगल्लीतनं फोनवर फोन यायलेत."

"उघडतो. वाडीला सांगून येऊ द्या. तिकडं पान्याचा टँकर लावा. मग उघडतो."

"सांगायचं कशाला? उगीच बोभाटा! दोन दिवसांत वाहून जाईल, कुणाला पत्ता लागतोय?"

"सोडायची तर सांगून सोडायची, साहेब."

"मी सस्पेंड करीन तुम्हाला!"

"करा. पन चावी कमरंला हाय. कोन काढून घेतंय ते बी सांगा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. शेवटी ते चरफडत टँकरसाठी फोन लावू लागले आणि मिस्त्री माझ्याकडं वळले. "मॅडम, जावा वाडीत. घरटी सांगून या. बत्तीस घरं हायत, एकबी सोडू नका. हितं हातभर जागा उरलीय. तुमी येऊस्तोवर मी उघडत न्हाई."

"मी एकटी? मिस्त्री, मारतील मला लोक."

"मारतील बी," ते म्हणाले.

स्कूटी काढली. नाल्याच्या काठची पाऊलवाट, मिस्त्रींच्या सायकलीनं पाडलेली. पहिल्या घरापुढं चार माणसं बसली होती. मी म्हटलं, "प्लांटवरून आले. रात्री थोडं घाण पाणी सुटलंय, आज आणखी सुटणार आहे. सकाळचं भरलेलं ओतून द्या. विहिरीचं पाणी चार दिवस पिऊ नका, टँकर येतोय."

एकजण म्हणाला, "लाईट गेलती जनू?"

बघा, कसं असतं! आयतं उत्तर समोर ठेवलेलं. मी म्हटलं, "हो, मशीन बंद पडलं." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच, आणि आता तर ते मला सहज यायला लागलं होतं. चौथ्या दारात एक म्हातारी शेंगा निवडत होती. तिनं ऐकून घेतलं, वर बघितलं आणि विचारलं, "बंद पडलं, का बंद केलं?"

तिला काही कळलं असेल असं नाही. म्हाताऱ्या माणसांची रीत असते विचारायची. पण माझ्या डोळ्यांपुढं तो ग्लास नाकाशी धरलेला माणूस आला. मी म्हटलं, "केलं. मी केलं. येळवशीचं जेवायला गेले होते."

आतून तिचा मुलगा धावत बाहेर आला. "सन तुमचा, घान तुमची, आन् पेयाची आमी? माझी दोन लेकरं हायत घरात!" त्यानं हात उगारला होता. म्हातारी म्हणाली, "गप रं. सांगाया तर आलीय." तो थांबला, पण मला जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मी मागं वळले, पहिल्या तीन घरी पुन्हा गेले आणि खरं सांगितलं. मग बाकीची. बायका घागरी पालथ्या करत होत्या, त्याचा आवाज माझ्यामागून येत होता. घड्याळ बाराच्या पुढं गेलं होतं.

शेवटचं घर विहिरीला लागून. पत्र्याचं, एका खोलीचं, दारात तुळस. एक बाई बाहेर आली, साठीची. मला बघून म्हणाली, "तुमी फुलंवाल्या मॅडम नव्हं? या, बसा. यांचा डोळा कसा हाय? गाडीवरनं उतरून तसेच कामावर गेलेत, घरीबी आले न्हाईत."

मी तशीच उभी. "हे मिस्त्रींचं घर?"

"मग कुनाचं?"

"आणि बसस्टँडजवळचं?"

"ते भाड्यानं दिलंय." तिनं सवयीनं तांब्या पुढं केला. "पी, कालचंच भरलेलं हाय. मी लई भांडले बगा तवा. पक्कं घर सोडून हितं कामून मरायचं? प्लांट नवा होता. एकदा यांच्या हातनं असंच बिघडलं. साहेब म्हनले गपचूप सोडा, यांनी सोडलं. वाडीत कावीळ पसरली. एक बाळंतीन दोन महिने खाटंवर होती, वाचती का मरती. तवापून हितं आलेत. म्हनत्यात, सोडनाऱ्यानं खालच्या अंगाला ऱ्हावं. पैलं पानी आपल्या घरात यावं."

तो तांब्या मी दोन्ही हातांत धरून उभी होते. तिलाही सांगितलं, मी बंद केलं म्हणून. ती म्हणाली, "यांनी सांगितलं नसतं मला. बरं झालं तू सांगितलंस."

परत आले तेव्हा टाकी काठाला लागली होती. साहेब जीपपाशी येरझाऱ्या घालत होते. टँकर मला वाटेतच वाडीकडं जाताना भेटला होता. मिस्त्री गेटच्या चाकावर हात ठेवून, पट्टी बांधलेला डोळा सावलीकडं करून बसले होते.

"समदी झाली?"

"बत्तीस," मी म्हटलं. "तुमचं धरून."

त्यांनी मग पाठ फिरवली, करदोड्याची गाठ सोडली आणि चावी माझ्यापुढं धरली. "उघड, माय."

मला पहिल्यांदा माय म्हणाले ते असं. मी नको नको म्हणत होते, रडत होते, पण त्यांनी चावी मागं घेतली नाही. चाक मीच फिरवलं. काळं पाणी गेटखालून फेसाळत निघालं आणि वळणावरून वाडीकडं गेलं. त्यांनी सायकल नांदेडला जाताना प्लांटवरच ठेवली होती, ती घेतली. "शेन आन् गूळ आनून ठेव. पाठीमागनं वाडीच्या हिरीला ब्लीचिंग टाकायचं हाय, मी बगतो," म्हणाले आणि त्या पाण्याच्या बरोबरीनं, काठाकाठानं, घरी गेले.

जित्राबं सावरायला आठवडा लागला. शेणाचा काला, गूळ, आणि ब्लोअर एक मिनिट बंद नाही. वाडीत कुणी आजारी पडलं नाही. त्या प्रकरणावर मिस्त्री पुन्हा एका शब्दानं बोलले नाहीत, मॅडम मात्र म्हणेनासे झाले.

आता ते नाहीत. प्लांट माझ्याकडं आहे आणि चावी माझ्या मंगळसूत्रात आहे. लोक हसतात, हसू देत. येळवशीला मी रानात जात नाही. सासू डबा घेऊन टाकीपाशी येते, आधी कुरकुरायची, आता एक उंडा जास्तीचा आणते, टाकीत सोडायला.

पण मी खालच्या अंगाला राहायला गेले नाही. नवऱ्याला विचारलं एकदा, तो म्हणाला, वेड लागलंय का? मला बरंच वाटलं, त्यानं नाही म्हटल्याचं. तेवढी हिंमत माझ्यात नाही, हे मी कबूल करते. दर रविवारी मात्र वाडीत मिस्त्रींच्या बायकोकडं जाते. ती विहिरीचा तांब्या पुढं करते. प्यायच्या आधी माझं नाक आपोआप तांब्यावर जातं, आणि तिच्यादेखत मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी तांब्या खाली ठेवला होता.

"घे की वास," ती म्हणाली. "पानी तूच सोडतीस नव्हं?"

मी वास घेतला, आणि प्याले.